हिशेबाची किल्ली कोणाच्या खिशात?

कुर्ल्यातील आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात दर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात आम्ही चार-पाच कार्यकर्ते मिळून एक वर्ग चालवतो. वर्गाला काही मोठे नाव दिलेले नाही. फळ्यावर ‘धंद्याचा हिशेब मोबाईलवर’ एवढेच लिहिलेले असते आणि त्याखाली ‘फी नाही’. आम्ही नोकरीने कारकून. बी.कॉम. होऊन कचेरीत चिकटलो तेव्हापासून दुसऱ्याची आवक-जावक, दुसऱ्याची बिले, दुसऱ्याची व्हाउचरे यांतच दिवस गेला. आपल्या लोकांच्या बिलांकडे पाहायला रविवारच उरतो.

वर्गाला येणारी मंडळी म्हणजे आपल्याच गल्लीतील धंदेवाले. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एक ताई आहेत, त्यांनी घरातच चार मशिनी टाकल्या आहेत. ग्रिल आणि शटर बनवणारे एक दादा आहेत. मंडप-डेकोरेशनवाले, चपलांचे दुकानदार, डबे आणि लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी घेणारा महिलांचा बचत गट, महापालिकेच्या वॉर्डात वायरिंगची लहान कामे घेणारे एक काका, आणि एका बॅन्जो पार्टीचे मालक. यांतील बहुतेकांचे वडील गिरणीत, रेल्वेत नाहीतर पालिकेच्या सफाई खात्यात होते. घरात महिन्याला पगार यायचा, त्याची पावती यायची. खतावणी कशी असते हे घरात कोणी पाहिले नव्हते. व्यापाऱ्याच्या घरचे पोर गल्ल्यावर बसल्या बसल्या नावे-जमा शिकते. आपल्याकडे धंदा करणारी ही पहिली पिढी, शिकवणारे माणूस घरात नाही. तेवढी उणीव भरून काढावी म्हणून हा वर्ग.

पहिल्याच रविवारी आम्ही ‘क्लाउड’ हा शब्द उच्चारला. क्लाउड म्हणजे ढग, हेही सांगितले. तर मागून बचत गटाच्या एक मावशी म्हणाल्या, “ढगात हिशेब ठेवायचा? आणि पाऊस पडला म्हंजे?” सारा वर्ग हसला. पण मावशींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पाऊस म्हणजे काय ते कुर्लेकरांना कोणी सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदी घराघरांत शिरली. पाणी ओसरल्यावर दोरीवर कपड्यांच्या शेजारी वह्यांची पाने वाळत घातलेली आम्ही पाहिली आहेत. शाई पार उतरलेली. कोणाकडे किती येणे आहे ते त्याच पानांवर होते. ज्यांच्याकडे येणे होते, त्यांतील बऱ्याच जणांची स्मरणशक्तीही त्याच पावसात वाहून गेली! एका झेरॉक्सवाल्याने कर्ज काढून घेतलेला कॉम्प्युटर चिखलाने भरलेला डबा होऊन बसला होता. आमच्यातील पुष्कळांचे गाव कोकणात. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेचे काय झाले, ते त्यांच्या नातेवाइकांनी भोगले आहे. दुकानातील वही आणि दुकानातील कॉम्प्युटर, दोन्ही दुकानाबरोबरच बुडतात.

तेव्हा मावशींना आम्ही पिठाच्या गिरणीचे उदाहरण दिले. दळणासाठी घरोघरी कोणी गिरणी बसवत नाही. गिरणीवाला मोठी मोटार ठेवतो, विजेचे बिल भरतो, पाटे टाकतो, आपण दळणापुरते पैसे देतो. क्लाउड ही तशीच भाड्याची सोय आहे. मोठ्या कंपन्यांच्या इमारतींत हजारो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असतात, त्यांतील थोडी जागा आणि थोडे काम आपण इंटरनेटवरून वापरतो. मायक्रोसॉफ्टने भारतात अशी केंद्रे २०१५ साली सुरू केली, ॲमेझॉनने मुंबईत २०१६ साली. आपल्या जवळच ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात अशा इमारती उभ्या आहेत. हे सांगताच वर्गातील एक मुलगा म्हणाला की त्याचा मोठा भाऊ महाप्याला अशाच एका इमारतीत सिक्युरिटीला आहे, आत मोबाईलसुद्धा नेऊ देत नाहीत. “म्हंजे ढग महाप्याला हाय तर,” मावशी म्हणाल्या. त्यानंतर आम्हाला फार समजावून सांगावे लागले नाही.

मात्र गिरणीच्या या उदाहरणात एक फरक आहे. गिरणीतून पीठ आपण डब्यात भरून घरी आणतो. क्लाउडमध्ये धान्यही तिथेच राहते आणि पीठही. आपल्या हाती राहते ती फक्त किल्ली: ईमेल, मोबाईल नंबर आणि पासवर्ड. ही किल्ली कोणाच्या खिशात आहे, यावर सारे अवलंबून असते आणि आमच्या अनुभवाने आपल्या लोकांची फसगत नेमकी इथेच होते.

ग्रिलवाल्या दादांचेच घ्या. त्यांचा धंदा चांगला. जी.एस.टी. नंबर घेतलेला, तीन वर्षांची बिले क्लाउडवरील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. दादा मोठ्या अभिमानाने सांगायचे की आमचे सगळे ‘ऑनलाइन’ आहे. पण ते खाते उघडून दिले होते कॉम्प्युटर विकणाऱ्या माणसाने, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाईल नंबरवर. दादांच्या कॉम्प्युटरवर ते नेहमी उघडेच असे, म्हणून त्यांना कधी पासवर्ड लागला नाही. पुढे वर्षाच्या चार्जवरून दोघांत वाद झाला. त्या माणसाने पासवर्ड बदलला. एका सकाळी पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट आली आणि तीन वर्षांचा धंदा त्या चौकटीमागे गेला. त्याच सुमारास जी.एस.टी. कार्यालयाकडून मागील एका वर्षाच्या बिलांविषयी नोटीस आली. कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात. दादा नोटीस घेऊन वर्गात आले तेव्हा त्यांचा चेहरा आम्हाला आजही आठवतो. बोलेनात. कागद पुढे केला आणि पंख्याखाली बसून राहिले.

आम्ही चौघे त्या विक्रेत्याकडे गेलो. भांडायला गेलो नव्हतो, पण चार माणसे गेली म्हणजे बोलण्याचा सूर बदलतो हेही खरे. तो म्हणाला, खाते माझ्या नावावर आहे. कागदोपत्री ते खरेच होते. मग आम्ही सॉफ्टवेअर कंपनीला अर्ज केला. सोबत जी.एस.टी.चे प्रमाणपत्र, पॅन कार्ड आणि दादांच्या बँक खात्यातून गेलेल्या वर्गणीच्या नोंदी जोडल्या. उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणे शक्य नव्हते. नोंदणी असलेल्या ग्राहकांची बिले जी.एस.टी.च्या विवरणपत्रात एकेक करून भरलेली असतात, ती पोर्टलवरून उतरवली. काही बिले दादांनी गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवली होती, ती गिऱ्हाइकांकडून परत मागवली. तीन रविवार आणि कित्येक रात्री त्यात गेल्या. नोटिशीचे उत्तर मुदतीत गेले. कंपनीने दोन महिन्यांनी खाते दादांच्या नावे करून दिले, पण तोवर विक्रेत्याने त्यातील उधारीची यादी पुसून टाकली होती. घरगुती ग्रिलच्या गिऱ्हाइकांकडील ते येणे बुडालेच.

हा प्रकार ऐकताना आम्हाला १८७५ साल आठवले. त्या वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांची खतपत्रे आणि वह्या काढून जाळल्या. कर्ज किती, फेडले किती, हे ज्या वहीत होते ती सावकाराच्या पेटीत. शेतकऱ्याचा फक्त अंगठा तिच्यात. पुढे सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, त्यात कर्जदाराला पैसे भरल्याची पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला गेला. म्हणजे वही दुसऱ्याच्या घरात असली तर तिची नक्कल आपल्या घरात हवी, हे तेव्हाही मान्य करावे लागले होते. आपल्या वाडवडिलांना तर त्या वहीला हात लावण्याचीही सोय नव्हती. आज वही आपण स्वतः पैसे भरून ठेवतो आणि तरीही तिची किल्ली दुसऱ्याला देऊन मोकळे होतो, याचे आम्हाला राहून राहून नवल वाटते.

म्हणून आमच्या वर्गात पहिले दोन रविवार बिल बनवायला शिकवतच नाहीत. लोक कुरकुरतात. पण आधी सिम कार्ड कोणाच्या नावावर आहे ते पाहायचे. निम्म्या लोकांचे सिम भावाच्या, मेहुण्याच्या नाहीतर गावी गेलेल्या भाडेकरूच्या नावावर निघते. ते आधी स्वतःच्या नावे करून घ्यायचे. मग धंद्यासाठी वेगळा ईमेल, तोही स्वतःच्या हाताने उघडायचा. नुसता पासवर्ड पुरत नाही म्हणून दुहेरी तपासणी चालू करायची. गुगलच्या खात्यात अशा वेळी आठ-आठ आकड्यांचे दहा राखीव क्रमांक मिळतात. मोबाईल हरवला तर त्यांतील एक वापरून आत जाता येते. ते आम्ही कागदावर लिहायला लावतो आणि कागद रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगतो, कारण ती पिशवी आपल्या घरातून कधी हरवत नाही. हिशेबनीसाला पासवर्ड द्यायचा नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्याला स्वतंत्र प्रवेश देता येतो, तो द्यावा. तो काम करील आणि काम संपले की प्रवेश काढून घेता येईल.

यानंतरचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत उपयोगाचे, ते म्हणजे नावांची यादी. मंडपवाल्या भाऊंकडे माल पुष्कळ, पण नावे डोक्यात. “मोठा पडदा” म्हणजे कोणता, हे त्यांना आणि त्यांच्या जुन्या गड्यालाच ठाऊक. मोबाईलला ते कळणार कसे? एका रविवारी आम्ही वर्ग त्यांच्या गोदामातच भरवला. खुर्च्या मोजल्या, गाद्या मोजल्या, पडदे उलगडून मोजले, प्रत्येकाला एकच नाव दिले आणि ते सर्वांनी पाळायचे असे ठरवले. खुर्च्या भाऊंच्या अंदाजापेक्षा ६० कमी भरल्या. भाऊ क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “दर लग्नाला पाच-सहा राहत असतील मागे.” आता माल जाताना आणि येताना गडी मोबाईलवर आकडा टाकतो, तो भाऊंना घरी बसून दिसतो. गडी पहिल्यांदा रागावला होता. आपल्यावर पहारा बसवला असे त्याला वाटले. त्याला समजावण्यात आमचा एक आठवडा गेला आणि तो वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही. कारण कमी आलेल्या खुर्च्यांचा आळ पूर्वी त्याच्यावरच येत असे.

एका दिवसाचे शिबिर, चहा-बिस्किटे, पाहुण्यांचे भाषण आणि प्रमाणपत्र असे कार्यक्रम आम्ही पुष्कळ पाहिले. सॉफ्टवेअर कंपन्याही असे मेळावे घेतात. तेथे सर्व समजल्यासारखे वाटते आणि मंगळवारी दुकानात गिऱ्हाईक उभे असताना बोट कुठे ठेवावे ते आठवत नाही. मंगळवारी सोबत बसणारे माणूस हवे. म्हणून आम्ही वस्तीतील कॉमर्स कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींमधून सोबती तयार केले. एका धंद्याला एक सोबती, तीन महिने. आठवड्यातून दोन वेळा दुकानात जाऊन तासभर बसायचे. नियम तीनच. दुकानदाराचा मोबाईल आपल्या हातात घ्यायचा नाही, तोंडाने सांगायचे आणि त्याचे बोट चालू द्यायचे. पासवर्ड विचारायचा नाही. आणि कोणत्याही कंपनीकडून कमिशन घ्यायचे नाही.

तिसऱ्या नियमावरून आमच्यातच वाद झाला. एका सॉफ्टवेअरचा विक्री प्रतिनिधी समाजमंदिरात आला होता. प्रत्येक वर्गणीमागे मुलांना काही रक्कम देऊ म्हणाला. मुले गरीब घरची आहेत, त्यांना चार पैसे मिळाले तर बिघडले काय, असे आमच्याच एका सहकाऱ्याचे म्हणणे होते. ते अगदीच चूक होते असे नाही. पण कमिशन घेणारा मुलगा बॅन्जोवाल्या मालकांना “तुम्हाला हे नको, तुमची वही पुरे” असे सांगू शकेल का? आम्ही प्रतिनिधीला चहा पाजून परत पाठवले. मुलांचा येण्याजाण्याचा खर्च धंदेवाल्यांनी वर्गणी काढून द्यावा असे ठरले. बहुतेक जण देतात. काही जण विसरतात, त्यांना मावशी आठवण करतात आणि मावशींची आठवण कोणी टाळत नाही.

सोबत्यांचा उपयोग किती होतो, ते २१ सप्टेंबर २०२५ च्या रविवारी दिसले. दुसऱ्या दिवसापासून जी.एस.टी.चे नवे दर लागू होणार होते. २,५०० रुपयांपर्यंतच्या चपला-बुटांवर ५ टक्के. आमच्या चपलांच्या दुकानदाराकडे बहुतेक माल याच किमतीत बसणारा. सॉफ्टवेअर कंपनीने नवे दर वर चढवले होते, पण यादीतील कोणता जोड कोणत्या किमतीत मोडतो ते पाहायला माणूसच लागतो. त्यांची मुलगी आणि आमची सोबती मुलगी, दोघी रात्री साडेअकरापर्यंत दुकानात बसल्या, वडील वरच्या फळीवरील खोकी काढून किमती वाचत होते. सोमवारी सकाळी पहिले बिल बरोबर निघाले. शेजारच्या दुकानात दुपारपर्यंत कॅल्क्युलेटरवर भांडण चालू होते.

या निमित्ताने एक सांगावेसे वाटते. वर्गात पुरुष जास्त येतात, पण नोंदी टिकतात त्या बायकांच्या हातून. पुरुष मंडळी दोन दिवस उत्साहाने टाकतात आणि तिसऱ्या दिवशी “रात्री एकदम टाकतो” म्हणतात. रात्र काही उजाडत नाही! गणवेशवाल्या ताई मात्र माल पोहोचवला की रिक्षातच नग टाकतात आणि त्याचे चलन ठेकेदाराला व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळ्या होतात. मागील जूनमध्ये ठेकेदार म्हणाला, १८० नगच आले. ताईंनी तारीखवार चार चलने पुढे ठेवली, बेरीज २४०. त्याच्या माणसाने प्रत्येकाला ‘मिळाले’ असे उत्तर दिलेले होते. पैसे लगेच मिळाले नाहीत, ठेकेदार ठेकेदारच. मग आम्ही २००६ चा लघुउद्योगांविषयीचा कायदा दाखवला. लेखी करार असला तरी लहान उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज चढते. ताईंची उद्यम नोंदणी होती, म्हणून हे बोलता आले. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर अगदी मोफत होते. तिच्यासाठी दलालाला पैसे देणारे लोक आम्हाला आजही भेटतात.

कागदपत्रांचेही तसेच. २०१२ सालापासून केंद्र सरकारच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योजकांकडून ४ टक्के माल घ्यावा असे धोरण आहे. सरकारी खरेदीचे ‘जेम’ हे पोर्टल २०१६ पासून चालू आहे. हक्क कागदावर आहे, पण तिथे कागद वेळेत चढवावे लागतात. वायरिंगवाल्या काकांचे जातीचे प्रमाणपत्र, पूर्वीच्या कामांचे दाखले, सारे एका सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर होते. कॅफे बंद झाला, मालक गावी गेला. एका कामाची मुदत त्या शोधाशोधीतच टळली. आता काकांचे सर्व कागद गुगल ड्राइव्हमध्ये एका फोल्डरात आहेत. १५ जीबीपर्यंत जागा फुकट मिळते, ती कागदांना भरपूर होते. मात्र त्यातच फोटो आणि ईमेलही मोजले जातात. काकांनी नातवाच्या वाढदिवसाचे व्हिडिओ टाकून निम्मी जागा भरली होती. आणि दोन वर्षे खाते उघडलेच नाही तर गुगल ते पुसून टाकू शकते, हेही आम्ही फळ्यावर लिहून ठेवतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आणखी एक काम असते. प्रत्येकाने आपला हिशेब क्लाउडमधून एक्सेलमध्ये उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यायचा. कंपनी उद्या दर वाढवील, बंद पडेल, दुसऱ्याला विकली जाईल, सांगता येत नाही. नक्कल घरात असली की दुसरीकडे जाता येते. ज्या सॉफ्टवेअरमधून हिशेब असा बाहेर काढता येत नाही, ते फुकट मिळाले तरी घेऊ नये असे आमचे मत आहे.

फुकटाविषयी थोडे जास्त लिहिले पाहिजे. उधारी लिहिण्याची काही ॲप फुकट असतात आणि चार महिन्यांनी त्यातच ‘तुम्हाला कर्ज मंजूर’ अशी पाटी येते. बॅन्जो पार्टीचे मालक हरखून गेले होते. कर्ज घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. नीट हिशेब असला तर बँकही दारात उभे करते, हा त्याचा मोठा फायदाच आहे. पण कर्ज देणारी बँक वा वित्तसंस्था कोणती, वर्षाला एकूण खर्च किती, याचा कागद आधी हातात मिळाला पाहिजे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली तसे नियम घातले आहेत. मालकांनी तो कागद मागितला, सोबत्याने व्याज मांडून दाखवले आणि मालकांनी ढोल-ताशे जुनेच वापरायचे ठरवले.

दुसरा धोका फोनचा. “तुमचे खाते आज रात्री बंद होणार, मी सांगतो ते ॲप टाका,” असा फोन येतो. ते ॲप टाकले की समोरच्याला आपला पडदा दिसतो, ओटीपीसकट. बचत गटातील एका भगिनीचे ११,००० रुपये असेच गेले. तिने भीतीने दोन दिवस घरात सांगितले नाही. अशा वेळी पहिला तास मोलाचा असतो. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा, बँकेला कळवायचे, आणि रागावणाऱ्याला नंतर रागावू द्यायचे. आता वर्गात आम्ही हा फोन खोटाखोटा करून दाखवतो. सोबती मुले बँकेच्या साहेबाचा आवाज काढतात. मावशींनी परवा त्यांतील एकाला इतके झापले की तो नाटक विसरला.

सगळ्यांनीच क्लाउडकडे धावावे असे आमचे म्हणणे नाही. नाक्यावर वडापावची गाडी लावणारे आजोबा दोनदा वर्गाला आले. रोजचा माल रोख, विक्री रोख, उधारी नाही, कामाला बाहेरचा माणूस नाही. आम्ही त्यांना दोनशे पानी वही आणि एक पेन दिले आणि रोज रात्री दोन आकडे लिहा म्हणून सांगितले. महिन्याचे भाडे भरून त्यांना मिळणार काय होते? बॅन्जोवाल्या मालकांचेही वहीवर भागते, तारखा तेवढ्या मोबाईलच्या कॅलेंडरात टाकतात. सहा महिने येऊन एका इस्त्रीवाल्या भाऊंनीही सोडून दिले. त्यांना अक्षरे बारीक दिसतात आणि पडद्यावरील इंग्रजीने ते बुजतात. काही सॉफ्टवेअर मराठीत चालते, पण ते मराठी वाचून आम्हीच पुन्हा इंग्रजी लावतो, अशी गत आहे. ‘एंट्री’ला ‘प्रविष्टी’ म्हटल्याने कोणाचे काम सोपे झाले, ते भाषांतर करणाऱ्यालाच ठाऊक.

सध्या वर्गात २३ धंदे आहेत आणि सोबती ९. सोबती कमी पडतात, कारण तिसऱ्या वर्षाची मुले परीक्षेच्या दिवसांत येऊ शकत नाहीत. त्यांतील दोघींना मात्र याच कामाच्या अनुभवावर हिशेबाच्या कचेरीत नोकरी लागली. त्यांच्या जागी नव्या मुली तयार करायच्या आहेत. समाजमंदिरात वायफाय घ्यावे की प्रत्येकाने आपल्या मोबाईलचे नेट वापरावे, हा विषय समितीच्या गेल्या बैठकीत निघाला होता. खजिनदारांचे म्हणणे, रविवारच्या दोन तासांसाठी महिनाभराचे बिल कशाला? मावशींनी बचत गटाकडून निम्मे भरण्याची तयारी दाखवली आहे, पण त्या बदल्यात बुधवारी दुपारी हॉल गटाला मिळावा अशी त्यांची अट आहे. बुधवारी दुपारी कॅरमवाले असतात. पुढच्या बैठकीला दोन्ही बाजूंना बोलावले आहे.